आक्रमकता प्रमुख

मानवजातीच्या इतिहासातून हिंसा कायमची पुसून टाकण्याचं काम अखेर सुरू झालं होतं. ते लाखनीला, हायवेला लागून असलेल्या एका बंद राइस मिलमध्ये सुरू झालं होतं, आणि दुपारी एक ते दोन डबे खाण्यासाठी थांबत असे. त्या दिवशी डबे झाल्यावरची ती पहिलीच थापड होती. अश्विन परातेने हात उचलला आणि तो लागला. एरवी लागत नसे. न लागू देण्याचाच त्याला पगार होता. समोर दिघोरीचे सेवकरामजी उभे होते, झाडीपट्टीच्या नाटकांत उभी हयात मार खाण्यात घालवलेले नट, आणि ओल्या भिंतीवर शेणाची गोवरी बसावी तसा अश्विनचा तळवा त्यांच्या डाव्या कानावर बसला. सेवकरामजी ओरडले नाहीत. पडलेही नाहीत. या खोलीत आपण कशाला आलो होतो हे विसरलेल्या माणसासारखे नुसते उभे राहिले. समोरच्या भिंतीवर भलामोठा पडदा होता. कॅमेऱ्यासमोर हिंसा झाली की तो लाल व्हायचा. तो हिरवाच राहिला. हिरव्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘सर्व सुरळीत’ असं उमटलेलं होतं. संगणकांपुढे बसलेल्या पोरापोरींनी पडद्याकडे पाहिलं आणि पुन्हा आपापल्या कामात डोकं घातलं. सेवकरामजींकडे पाहायचं कोणाला काही कारण नव्हतं. शूटिंग सांभाळणारी टीना म्हणाली की अश्विनभाऊ, टायमिंग गेला, अजून एकदा घेऊ. अजून एकदा घेतलं. या वेळी हात गालापासून वीतभर लांबून गेला, अश्विनने फळीवर पाय आपटला, सेवकरामजींनी मांडीवर टाळी मारली, ‘अरे बाप रे, मेलो’ अशी आरोळी ठोकली आणि उजव्या कुशीवर कोसळले. पडदा लालभडक झाला, भोंगा वाजला, टीनाने अंगठा दाखवला. सेवकरामजी उठून बसले आणि डाव्या कानात करंगळी घालून ती हलवत राहिले, तळ्यातून पोहून आलेला माणूस हलवतो तशी.

कोंड्यावरून पाय घसरला, असं अश्विनने सगळ्यांना सांगितलं. ही सबब पटण्यासारखी होती. मिल बंद पडून किती वर्षं झाली, तरी तुळयांवरून कोंडा अजून झरायचा. सकाळी कीबोर्ड उलटा करून झटकला की कोंबड्यांना पुरेल इतका निघे. पण पाय घसरला नव्हता. डबा खाताना सेवकरामजी त्याला शिकवायला बसले होते. ते शिकवत तेव्हा फार मायेने बोलत. तुझ्या मारण्यात जीव नाही, असं म्हणून त्यांनी बेसनाचा घास मोडला होता. ‘बाप कोणाले मारत होता का नाही घरी? मारतच असन ना कोणाले तरी. त्याले आठव, अन् मंग हात उचल.’ अश्विनने आठवलं. गुन्हा म्हणायचा तर एवढाच.

बाप पवनीला मागावर कोसा रेशीम विणायचा. गल्लीत दोन्ही अंगांना माग, भिंतीला भिंत लागलेली; कोणाचा माग चालू आहे आणि कोणाचा थांबला हे न बघता सगळ्यांना कळे. बाप मारायचा तेव्हा मागाचा धोटा थांबायचा. मारण्याचा आवाज म्हणायचा तर तेवढाच. खटक-खटक चाललेल्या आवाजात एक खड्डा पडायचा, दोन-तीन खटक्यांएवढा, आणि माग पुन्हा सुरू. शेजाऱ्यांना वाटे धागा तुटला असेल. बापाचा हात खांद्यापासून उठत नसे. बसल्या जागेवरून, कोपरापासून यायचा, धोटा फेकावा तसा. त्यात राग दिसायचा नाही, लांबी दिसायची नाही. आई, म्हणजे दुर्गाबाई, पदराचा बोळा आधीच तोंडात धरून असे. हात निघण्याच्या आधी तिला तो कळायचा. मग खाली वाकून ती खरंच एखादा तुटका धागा शोधून गाठ मारत बसे, कारण गल्लीला जे वाटलं ते खोटं पडता कामा नये. एकदा तिच्या कानातलं फूल उडून मागाखाली गेलं. लहानग्या बहिणीने, करुणाने, रांगत जाऊन ते आणलं, फ्रॉकला पुसलं आणि आईच्या हातात ठेवलं. अश्विन कोपऱ्यात पाढे म्हणत असे. तो थांबत नसे. तो थांबला असता तर गल्लीला आणखी एक खड्डा ऐकू गेला असता. पुढे बाप वारला तेव्हा गल्लीतल्या लोकांनी फार शांत माणूस होता असं म्हटलं, आणि ते खरंच होतं. त्या दुपारी सेवकरामजींच्या कानावरून खाली आलेल्या तळव्यात जी ऊब होती ती अश्विनला ओळखीची वाटली. ती वाईट नव्हती. त्यातलं वाईट ते एवढंच.

कंपनी वाढत होती. शांतिनेत्र हे तिचं नाव, आणि मिलमालकाचा मुलगा वीरेंद्र याने बंगलोरची नोकरी सोडून ती काढलेली. इथे कोणी कोणाला सर म्हणायचं नाही, सगळ्यांनी एकमेकांना नावाने हाक मारायची, असा त्याने नियम केला होता. त्यामुळे सगळे त्याला भैयाजी म्हणत. सुरुवातीला सगळी कंपनी एका मालवाहू रिक्षात बसून जेवायला ढाब्यावर जायची. आता खुर्च्या पुरत नव्हत्या. दर सोमवारी नवे चेहरे यायचे आणि नव्यांच्या वर कोणीतरी पाहिजे म्हणून जुन्यांना बढती मिळायची. नव्यांना ओळख करून देणारे जुने स्वतः महिन्याभराचे असत. अश्विन डाटा भरायला म्हणून लागला, मग सिनियर झाला, मग लीड झाला, आणि त्याच्या वरच्या पायऱ्यांची नावं संपली तेव्हा त्याला आक्रमकता प्रमुख करण्यात आलं. तसं कार्ड छापून आलं. आईने त्यातलं एक देवघरात ठेवलं. शेजारणींनी पोरगा काय काम करतो असं विचारलं की ती म्हणायची, ‘लोकांले मारते. पण खोटं खोटं.’ आणि हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर जो सुटल्याचा भाव येई तो शेजारणींना समजत नसे.

कंपनीच्या कॅमेऱ्याला डोळे होते आणि कान होते, आणि त्याच्या नजरेसमोर माणूस माणसाला मारू लागला की त्याने बोंब मारायची, असा एकूण धंदा होता. मारामारी कशी असते हे त्याला आधी शिकवावं लागे. पहिल्यांदा परदेशातल्या मारामाऱ्या विकत आणल्या. तिकडचे लोक मारण्याआधी मुठी आवळून नाचत आणि कोट काढून ठेवत. त्या खुराकावर वाढलेल्या मशीनला लाखनीच्या बस स्टँडवर नेलं तेव्हा तिथे तिला कमालीची शांतता आढळली. मग वीरेंद्रला झाडीपट्टी आठवली. दिवाळी ते होळी गावोगाव रात्रभर नाटकं, त्यात प्रत्येक अंकाला एक तरी थापड, आणि हंगाम संपला की नट धानाच्या बांधीत नाही तर घरी रिकामे. सेवकरामजी आले आणि त्यांनी आपली विद्या सगळी ओतली. मंडपात शेवटच्या रांगेत घोंगडं पांघरून बसलेल्या माणसाला थापड पोचली पाहिजे. म्हणून मारणाऱ्याने पाय आपटायचा, खाणाऱ्याने मांडीवर टाळी मारायची, आधी ओरडायचं, मग पडायचं. अशा थापडा महिनोन्महिने, ढिगांनी, मशीनला भरवल्या. मशीन प्रामाणिक विद्यार्थी होती. पाहुणे येत, अश्विन पाय आपटे, पडदा लाल होई, पाहुणे टाळ्या वाजवत, खुर्च्या वाढत. खरी थापड मारून बघावी असं कोणाला सुचलं नाही, कारण ऑफिसातली माणसं सगळी सभ्य होती.

अश्विनच्या खिशात फोन होता आणि फोनमध्ये एक हिरवा ठिपका होता. कंपनीने प्रत्येकाला घरी लावायला एक कॅमेरा फुकट दिला होता. त्याने आपला करुणाकडे, तुमसरला लावला. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी करुणा माहेरी आली तेव्हा दंडावर काळंनिळं होतं. गायीने ढुशी मारली म्हणाली. त्यांच्याकडे गाय नव्हती. अश्विन स्टूलवर चढला, स्वयंपाकघरात फ्रिजच्या वर त्याने स्वतःच्या हाताने खिळे ठोकले, आणि जावई अंकुश खाली स्टूल धरून उभा होता. चोरांसाठी आहे, असं अश्विन हसत म्हणाला, आणि अंकुशही हसला. कंपनी लोकांच्या खासगी आयुष्याचा मान राखत असल्यामुळे फोनवर चित्र येत नसे, फक्त रंग येई. पोळ्याला कॅमेरा लावला तेव्हापासून तो हिरवा होता. अश्विन आयुष्यात पहिल्यांदा उताणा झोपू लागला. एरवी तो कुशीवर, एक कान वर ठेवून झोपे. त्याने ही गोष्ट सहज वीरेंद्रला सांगितली, तर वीरेंद्रचे डोळे भरून आले, आणि पुढच्या माहितीपत्रकात अश्विनच्या फोटोखाली ‘माझी बहीण सुरक्षित आहे’ असं छापून आलं.

आता तो मिलच्या मागे, पूर्वी जिथे धान वाळत घालत त्या फरशीवर, उन्हात उभा राहून त्या ठिपक्याकडे पाहत होता. तळवा अजून झिणझिणत होता. ठिपका हिरवा होता. त्याने करुणाला फोन लावला. तिने तब्येत सांगितली, भाजी काय केली ते सांगितलं. अंकुश दुकानात गेलाय म्हणाली. मग अश्विनने तिला ते विचारलं, जे घरात आजवर कोणी कोणाला विचारलं नव्हतं.

‘मारते का तुले?’

‘तुही मशीन काय म्हणते?’

‘हिरवी दाखवते.’

‘मंग झालं ना.’

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ती थांबल्यावर करुणा बोलू लागली, तक्रार करतेय असा आवाज न लावता, पाणी किती दिवसांनी येतं हे सांगावं तसं. सुरुवातीला अंकुश फ्रिजवरच्या कॅमेऱ्याकडे पाहून हात आवरायचा. मग एक दिवस विसरला. मारल्यावर त्याला आठवलं, आणि दोघंही, मारणारा आणि मार खाणारी, कॅमेऱ्यावरच्या दिव्याकडे पाहत उभे राहिले. दिवा हिरवाच. तो बराच वेळ हसला. आता तिथेच मारतो, फ्रिजजवळ. गेल्या महिन्यात तिने हिंमत करून सासरच्या चार मोठ्या माणसांना बसवलं, तर अंकुशने त्यांच्यापुढे आपला फोन ठेवला, त्यातही तोच ठिपका होता. तिच्या सख्ख्या भावाच्या कंपनीची मशीन आहे, एकदा तरी लाल झाली का पाहा, म्हणाला. माणसं शिकलेली होती. त्यांनी पाहिलं आणि चौघं उठून गेले. ‘मले बी वाटलं दादा, का मीच जास्त समजून राहिली. एवढी मोठी मशीन कायले खोटं बोलन.’

‘तू ओरडली काहून नाही?’ हे अश्विनच्या तोंडून निघून गेलं.

‘आई ओरडत होती का?’ करुणाने विचारलं. तिला खरंच आठवत नसावं, तसं तिने विचारलं. मग भात उतरवायचा आहे म्हणून तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सेवकरामजी कानात कापूस घालून आले. कालपासून कानात शिट्टी वाजत होती ती थांबली होती, म्हणजे आता काहीच वाजत नव्हतं. त्यांना कानाचं एवढं काही नव्हतं. पण हंगाम तोंडावर आला होता आणि आडून संवाद सांगणारा माणूस नेहमी डावीकडच्या पडद्यामागे उभा असतो. त्याला उजवीकडे उभा करता येईल का, एवढ्याच काळजीत ते होते. अश्विनकडे पाहून ते हसले, हाताची चूक आहे बेटा, म्हणाले. अश्विनला वाटलं यांनी आपल्याला मारावं. पण त्यांना येणार नाही, हेही त्याला माहीत होतं. त्यांना मार खाता येत होता फक्त. तो वीरेंद्रच्या काचेच्या खोलीत गेला. दुपारी नागपूरच्या एका संस्थेची माणसं यायची होती. मुलींची वसतिगृहं, निराधार बायकांची घरं असं पुष्कळ काही ती चालवत असे, आणि त्या सगळ्या इमारतींना कॅमेरे बसायचे होते. अश्विनने जमेल तसं सांगितलं. थापड, हिरवा, करुणा, फ्रिज. वीरेंद्रने मध्ये एकदाही तोडलं नाही. तो माणूस खरंच चांगला होता. त्याने अश्विनचं अभिनंदन केलं की एवढी बारीक त्रुटी कोणालाच दिसली नव्हती. पुढच्याच्या पुढच्या आवृत्तीत ती घेऊ, म्हणाला. सेवकरामजींच्या डॉक्टरचं कंपनी बघेल आणि त्यांना पीडित प्रमुख करता येईल. आज मात्र थांबता येणार नाही. ‘आपण वाढून राहिलो, अश्विन. थांबलो का संपलो.’ मग त्याला करुणा आठवली. त्याचा चेहरा दुःखी झाला, आणि एकाएकी उजळला.

‘तिले ओरडाले सांगा ना. पाय बी आपट म्हणा. मशीन बराबर पकडते. पाहिजे तं सेवकरामजीले पाठवतो एक दिवस, शिकवून देतीन.’

हे तो मनापासून बोलत होता. काचेच्या खोलीत एसीचा गार वारा होता आणि अश्विनच्या कोपरात काहीतरी घट्ट झालं. मांजर उडी मारण्याआधी होतं तसं. त्याने दोन्ही हात खिशात घातले. म्हणजे हे इथे राहतं, त्याच्या मनात आलं. खांद्यात नाही, डोक्यात नाही, कोपरात. बापाच्या कोपराला तेल चोळावं लागे, धोटा फेकून दुखतं म्हणून, आणि ते आईच चोळायची. ती चोळताना बाप डोळे मिटून घेई आणि त्याच्या चेहऱ्यावर इतकी शांतता येई की करुणा त्याच्या मांडीवर जाऊन बसे. फोनमधला ठिपका खिशातून मांडीला टोचत होता. त्यात तुमसरचं स्वयंपाकघर होतं. आत्ता, या क्षणी, तिथे काय चाललं असेल? हिरवं काहीतरी चाललं असेल. पवनीची गल्ली हिरवी होती. बापाची तिरडी हिरवी होती. नागपूरच्या संस्थेची ती वसतिगृहं, त्यांतले लांब व्हरांडे, लोखंडी खाटा, जेवणघर, न्हाणीघराच्या दारापाशी उभ्या असलेल्या पोरी, सगळ्यांच्या डोक्यावर एकेक दिवा, आणि ते सगळे हिरवे. आणि दर वेळी कोणीतरी मोठं माणूस त्या दिव्याकडे बोट दाखवून म्हणणार की पाहा.

पाहुणे तिघं आले, दोन गृहस्थ आणि अध्यक्ष असलेल्या मॅडम. त्यांना शहाळी दिली, समोसे दिले, पहिल्या रांगेत गादीच्या खुर्च्या दिल्या. पडद्यावर आधी माहितीपत्रकातला अश्विनचा फोटो मोठा करून दाखवला आणि मॅडमनी वळून त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. वीरेंद्र पडद्याशेजारी उभा राहून बोलत होता. सेवकरामजी फळीवर आपल्या खुणेवर जाऊन उभे राहिले, चेहरा थोडा डावीकडे वळवून, चांगला कान पुढे. अश्विनने ठरवलं होतं की आता बोलायचं. वाक्यं तयार होती. पण मोठ्याने बोलायची त्यांच्या घरात कोणाला सवय नव्हती. ज्याची सवय होती ते कोपरात होतं. टीनाने खूण केली. सेवकरामजींनी श्वास भरून घेतला. अश्विन फळीवरून उतरला, चार पावलं चालून वीरेंद्रपाशी गेला आणि त्याने मारलं.

हात आला तो दिसला नाही. वीरेंद्रचा ओठ फुटला, चष्मा गालावर लोंबला. पडदा हिरवा. दुसरी कानशिलावर. तिसरी बरगडीत, मुठीने, जिथे हवा असते तिथे. वीरेंद्रच्या नाकातून हूं असा आवाज आला, फुगा सोडल्यासारखा, आणि त्याने तो लगेच गिळला, कारण पाहुणे बसले होते. तो हसण्याचासुद्धा प्रयत्न करत होता. दातांच्या फटींत रक्त भरलं होतं. मग त्याने खिशातून रुमाल काढला, त्याचा बोळा केला आणि तोंडात धरला. ते अश्विनने पाहिलं. आता हा हात थांबेल, असं त्याला वाटलं. हात थांबला नाही. हाताने ते आधी पाहिलेलं होतं. मानेवर, कानावर, पुन्हा कानावर. बोटाचं हाड सरकलं ते त्याला कळलं आणि तेही बरं वाटलं. वीरेंद्र गुडघ्यावर आला. रक्त शर्टाच्या खिशावरच्या कंपनीच्या चिन्हावरून खाली ओघळत होतं. हॉलमध्ये कीबोर्ड चालूच होते. कोणी डोकं वर केलं की पडद्याकडे पाही, आणि पुन्हा खाली घाली. फळीवर सेवकरामजींनी आरोळीसाठी तोंड उघडलं होतं. इतकी वर्षं न लागलेल्या मारासाठी ते ओरडत आले होते. हा समोर खराखुरा लागत होता, आणि त्यांच्या घशातून काही निघत नव्हतं.

अश्विन वळला. त्याचा श्वास लागला होता, हात मनगटापर्यंत लाल होता, आणि त्याच्या मागे तो पडदा एवढा थोरला हिरवा. शब्द आले ते तयार केलेले नव्हते.

‘पाहा ना जी,’ तो पाहुण्यांना म्हणाला. ‘माही बहीण असाच मार खाते. रोज खाते. हे पाहा न तुम्ही.’

दोघे गृहस्थ मान तिरकी करकरून पाहत होते. मॅडम खुर्चीच्या कडेवर पुढे सरकल्या, आधी उजवीकडून डोकावल्या, मग डावीकडून. त्यांचा आवाज फार सौम्य होता.

‘अहो, जरा बाजूला होता का? पडदा दिसत नाहीये.’